आधी फीत सोडा

"आधी फीत सोडा, मंग बोला."

आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गळ्यात सॅटिनची फीत बांधलेलं पिल्लू घेऊन कुणी आलं, की मामा हे म्हणायचे. म्हणायचे आणि समोरच्याची वाट न बघता स्वतःच दोन बोटांनी गाठ सोडायचे. मग फीत तर्जनीवर घट्ट गुंडाळायचे आणि तिची वळकटी शर्टाच्या खिशात टाकायचे. मोकळं झालेलं पिल्लू मान झाडायचं.

"हां. आता झालं कुत्रं. आतापत्तर पेढ्याचा पुडा व्हतं."

उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात मी बी.कॉम. झाल्यावर काउंटरवर लागले. मामा तिथं माझ्या आधी कितीतरी वर्षं होते. डॉक्टर मॅडम सुई टोचायच्या, मामा जनावर धरायचे. करमाडच्या बाजूचे, मेंढपाळाच्या घरातले. पहिली पंचवीस वर्षं मेंढरांमागे चालण्यात गेलेली. त्यामुळे कुठलंही घाबरलेलं जनावर त्यांच्या काखेत गेलं की गप्प बसायचं. चावरा अल्सेशियनसुद्धा. त्याच्या मालकिणीला मात्र बाहेर बसवावं लागे.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत बोलताना अडखळते आणि इंग्रजीत बोलायला लाजते, त्यामुळे एकूण कमीच बोलते. मामांनी हे दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "म्याडम, तुमी मांजरावानी बसता. समदं बगता, पन आवाज नाय."

आमच्याकडे खरी गर्दी व्हायची ती दिवाळीनंतर. तुम्ही कधी अशा दवाखान्यात बसला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. जेमतेम महिन्याचं पिल्लू, आईचं दूध धड सुटलेलं नाही, घरात पहिलाच दिवस आणि बाहेर फटाक्यांची माळ. ते दिवाणाखाली जाऊन बसतं. त्याला बाहेर काढायला कुणीतरी चकली दाखवतं. तिसऱ्या दिवशी सगळं कुटुंब आमच्या बाकावर.

मामा पिल्लाचं पोट चाचपत विचारायचे, "हे पहाटं पाचला उठनार. संगं कोन उठनार?"

नवरा बायकोकडे बघायचा, बायको मुलांकडे, मुलं मोबाइलकडे. मामा माझ्याकडे वळायचे. "म्याडम, लिवा. कुनीच उठनार नाय."

सुरुवातीला एकदा मी खरंच लिहायला घेतलं होतं.

एका गृहस्थांनी पाडव्याला बायकोला सशांची जोडी दिली होती. दुकानदारानं सांगितलेलं, दोन्ही नर आहेत. संक्रांतीच्या आसपास ते पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. त्यात नऊ ससे होते. मामांनी एकेक उचलून पाहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, तुमी भाऊ म्हनून आनले, त्यांनी संसार केला. लई चांगली भेट दिली वहिनीला. दर महिन्याला वाढती."

या सगळ्या मंडळींचं एक आवडतं वाक्य होतं. "मामा, तुम्हीच न्या ना गावाकडे. तुमच्याकडे भरपूर जागा असते."

मामा हात जोडायचे. "जागा लई हाय. पन ह्या पर्शियन मांजरीचे केस कोन विंचरनार? माजी बायको सवताची येनी बसमधी घालती."

मग एकदा दुपारच्या चहाला त्यांनी त्यांच्याकडची रीत सांगितली. त्यांच्यात कुत्र्याचं पिल्लू कुणी कुणाला देत नाही. ज्याला हवं त्यानं यायचं, भाकरी घेऊन. ती भाकरी पिल्लाच्या आईपुढे ठेवायची आणि तीनदा मागायचं.

"पयल्यांदा मागितलं की आमी हसतो. दुसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यावानी करतो. तिसऱ्यांदा मागितलं की नाय म्हनता येत नाय. आन् नाव आमी ठेवत नाय. न्हेनाऱ्यानं ठेवायचं."

"तीनदा कशाला?" मी विचारलं.

"चार मान्सांत तीनदा त्वांडानं मागितलं, की परत आनून द्यायला लाज वाटती." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "तुमच्यावानी लाजऱ्या मान्सासाठी लई चांगली रीत हाय."

मागच्या दिवाळीनंतर बजाजनगरहून एक ताई आल्या. त्यांच्या भावानं भाऊबीजेला लॅब्राडोरचं पिल्लू दिलं होतं. ताई आणि त्यांचे मिस्टर दोघंही कंपनीत, दोघांच्या पाळ्या बदलत्या. पिल्लू दिवसभर बाथरूममध्ये कोंडलेलं असायचं. त्यांना ते ठेवता येत नव्हतं आणि परतही करता येत नव्हतं. भाऊ दुखावला असता. त्या बाकावर बसून रडल्या आणि म्हणाल्या, "दोनच दिवस ठेवा." मामांनी एरवी काहीतरी टोमणा मारला असता, पण त्या दिवशी त्यांनी फक्त फीत सोडली. लाल होती.

दोन दिवसांचे बारा झाले. ताईंनी शेवटी फोन उचलला. "तुम्हीच कुणालातरी द्या हो. भावाला काय सांगायचं ते मी बघते."

पिल्लू माझ्या टेबलाखाली, माझ्या चपलांवर झोपायचं. मी डब्यात एक पोळी जास्त आणायला लागले. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

त्याच सुमारास मामांच्या थोरल्या भावाचे गुडघे गेले आणि मेंढरांमागे चालायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. डिसेंबर संपताना मामा नोकरी सोडणार, असं ठरलं. त्यांना निरोपाला काय द्यावं, याचा मी आठवडाभर विचार केला. मला बोलून काही सांगता येत नाही, म्हणून वस्तू नीट निवडावी लागते.

आणि मी काय निवडलं? सांगायला अजून कानकोंडं होतं. शेवटच्या दिवशी मी त्या पिल्लाला आंघोळ घातली, पावडर लावली, गळ्यात निळी फीत बांधली आणि मामांच्या हातात दिलं.

"मामा, तुमच्यासाठी. तुमच्याकडे... जागा आहे ना."

डॉक्टर मॅडमनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. मामांनी दोन बोटांनी गाठ सोडली, फीत तर्जनीवर गुंडाळली, खिशात टाकली.

"तीन दिवाळ्या माज्या शेजारी बसून ह्येच शिकलीस व्हय गं?"

पहिल्यांदाच त्यांनी मला म्याडम म्हटलं नव्हतं.

"हे लॅब्राडोर हाय. लांडगा दिसला तर हे त्याला चेंडू आनून देईल. माज्या काय कामाचं?" मग त्यांनी पिल्लू काखेत घेतलं. "सांभाळाया न्हेतो. घ्याया नाय. मागायला कोन यायचं, ते त्याला ठावं हाय."

मी घरी काहीच बोलले नाही. आमच्या घरात मी न मागणारी मुलगी म्हणून प्रसिद्ध आहे. शाळेच्या सहलीसाठीसुद्धा मी पैसे मागायचे नाही, फॉर्म फ्रीजवर लावून ठेवायचे. पण पिल्लाचा फॉर्म नसतो. एक आठवडा गेला, तीन गेले. टेबलाखाली पाय ठेवताना मी अजूनही जपून ठेवत होते.

मग एका संध्याकाळी मामांचा फोन आला.

"म्याडम, जालना रोडचा एक ढाबेवाला बगून गेला. दारात बांधाया पायजे म्हन्तो, गिऱ्हाइकाच्या लेकरांना खेळाया. दिवसभर साखळीला. दोनदा मागितलंय त्यानं."

"मग?"

"मंग काय. परवा येतो म्हनला."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

"मी तुमाला काय म्हनत नाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी दारात उभी राहिले. तिनं वर न बघता विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"आई, मला एक कुत्रा आणायचाय."

तिचा हात थांबला. "सकाळी कोण उठणार?"

मामांनी हिलाही फोन केला असावा, असं मला क्षणभर वाटलं. "मी."

"पावसात?"

"मीच."

"आणि उद्या लग्न झाल्यावर?"

हा प्रश्न मामांच्या यादीत नव्हता. "घेऊन जाईन," मी म्हणाले. "त्याच्यासकट हो म्हणणाराच बघा."

आई माझ्याकडे बघतच राहिली. इतकी वाक्यं तिनं माझ्याकडून सलग ऐकली नव्हती. मग म्हणाली, "भाकरी येते का तुला थापता?" मी रीत सांगितलेलीच नव्हती. तिला फक्त माहीत होतं, की कुत्र्याला भाकरी लागते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. डब्यात मी थापलेली ज्वारीची भाकरी होती, कडेनं सगळीकडे चिरलेली. वस्तीवर मामी अंगणात होत्या, सोबत शेजारच्या दोन बायका. मामा नव्हते.

"पहाटंच गेले मेंढरं घेऊन. एकाच्या रानात बसवायचीत, खताला. तिथून पुढं. आता उन्हाळा सरल्यावरच." मामींनी मला निरखून पाहिलं. "तुमीच का त्या, न बोलनाऱ्या?"

पिल्लू दुप्पट झालं होतं. ते मामांच्या म्हाताऱ्या काळ्या कुत्रीच्या पोटाला टेकून पडलं होतं. मी मामींसमोर डबा धरला.

"मला काऊन मागता? काळीला मागा. चाटून चाटून तिनंच मोठं केलंय."

तीन बायका, सात-आठ कोंबड्या आणि मी. मी खाली बसले, भाकरी काळीपुढे ठेवली.

"मी... ह्याला नेऊ?"

बायका हसल्या. म्हणजे पहिली वेळ रीतीप्रमाणे झाली.

"नेऊ का ह्याला?"

कुणी ऐकलंच नाही, असं दाखवून मामी तांदूळ पाखडू लागल्या. एक शेजारीण म्हणाली, "मोठ्यानं बोला ओ, म्हातारी हाय ती."

तिसऱ्यांदा आवाज एवढा मोठा निघाला, की कोंबड्या उधळल्या. काळीनं भाकरी खाल्ली. चिरलेल्या कडांसकट सगळी खाल्ली, म्हणजे स्वभावानं चांगलीच असणार.

मामी आत जाऊन एक दावं घेऊन आल्या. लाल, निळं, सोनेरी, गुलाबी. मामांनी इतक्या वर्षांच्या फिती वळून केलेलं. "नुसती फीत सटकती म्हनले. म्हनून मंधी लोकर घातलीया. पिल्लू आनल्याच्या दुसऱ्या दिवशीच वळाया बसले व्हते."

म्हणजे ढाबेवाल्याच्या कितीतरी आधी. ढाबेवाल्याबद्दल मी मामींना विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "आला व्हता की. खरंच आला व्हता. ह्यांनी त्याला सांगितलं, भाकरी आना. तो दुसऱ्यांदा आला, तवा तंदुरी रोटी घिऊन आला."

त्यानंतर मामा मला भेटलेले नाहीत. फोन कधी लागतो, कधी नाही. पण त्या दिवशी परतताना रिक्षातून मी त्यांना पाहिलं. रस्त्यापलीकडे कापणी झालेल्या रानात मेंढरं पसरली होती आणि मधे डोक्याला टॉवेल गुंडाळलेले ते, पाठमोरे. पिल्लू माझ्या मांडीवर उभं राहिलं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, नाव काय ह्याचं?"

नाव मी अजून ठेवलेलं नव्हतं. बाहेर डोकं काढून जोरात हाक मारली, "मामा!"

मधून दोन ट्रक गेले. मामांनी काही वळून पाहिलं नाही. एका मेंढीनं तेवढी मान वर केली.