उजव्या कानामागचा ठिपका

मेंदूवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे आकडेबाई. नाव उगाच पडलं नव्हतं. सकाळी चूळ भरायच्या आधी ती मोबाइलवर बघायची, जगात आज आणखी कुणी आपल्या शोधनिबंधाचा उल्लेख केला का. आकडा वाढला की तिला चहा गोड लागायचा. "काय, स्कोअर किती झाला?" नवरा मुद्दाम विचारायचा, आणि उत्तर आलं नाही तर शहाण्यासारखं पेपरात तोंड खुपसायचा.

निबंध तिने ढीगभर लिहिले, पण नाव झालं ते एकाच्या जिवावर. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूच्या उजव्या बाजूला वाटाण्याएवढा एक भाग पेटून उठतो, असं तिने तरुणपणी दाखवलं होतं. बाकीचे तो डावीकडे शोधत बसले होते, त्यामुळे गाजावाजा फार. मोठी खुर्ची, खिडकीची खोली, देशोदेशीची आमंत्रणं, सगळं त्या वाटाण्याने दिलं.

यंदा उल्लेखांचा आकडा असा काही फुगला की संचालकांनी सत्कार ठरवला. फाटकावर मोठा फ्लेक्स, त्यावर निबंधातलं ते चित्र. छापील चित्र मोठं केलं की फाटत होतं, म्हणून तिने घरच्या कपाटातून जुनी डिस्क काढली, हसत हसत मूळ चित्र उघडलं, आणि हसू जागच्या जागी थिजलं.

चित्राच्या कडेला एक पांढरा ठिपका होता.

त्याचं असं आहे, की स्कॅनच्या मशीनमध्ये माणसाला सरकवण्याआधी त्याच्या उजव्या कानामागे माशाच्या तेलाची एक गोळी चिकटपट्टीने लावतात. काही प्रोग्रॅम चित्र आरशासारखं उलटं दाखवतात, पण गोळी पांढरी उमटते. ठिपका दिसेल ती उजवी बाजू, की संपलं. गोळ्या तिने स्वतःच्या हाताने लावल्या होत्या. आणि छापताना, देखण्या चित्राला हे गालबोट कशाला, म्हणून ठिपका कापलाही तिनेच होता.

आज बघते तर ठिपका एका बाजूला आणि वाटाणा दुसऱ्या.

"काय गं, भूत बघितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"डावीकडे होतं ते. मी उलटं छापलं."

"मग चूकभूल छाप की कोपऱ्यात. पेपरवाले रोज छापतात."

तिला तिचा लाडका विद्यार्थी आठवला होता, आता मेंदूचा नावाजलेला सर्जन. अपघातानंतर एका शिक्षकाला बायकोचाही चेहरा ओळखू येईना. त्याच्या मेंदूत तार बसवून तो वाटाणा विजेने जागा करायचा, असं या सर्जनने ठरवलं होतं. जागा मॅडमच्या निबंधातली. मुहूर्त उद्या सकाळचा.

तिने फोन लावला.

"मॅडम! आशीर्वाद द्यायला ना?"

"अरे, माझी बाजू चुकली आहे. तार उजवीकडे घालू नकोस."

पलीकडून हसू आलं. "सत्काराचं टेन्शन आलंय तुम्हाला. अहो, तुमच्यामागून किती जणांनी उजवीच सांगितली! मीही सांगितली. आम्ही सगळेच गाढव का?"

"डावी सांगणारेही होते रे."

"कुठे आहेत? एक निबंध दाखवा."

दाखवणार कुठून? तसे निबंध छपाईआधी तपासायला तिच्याकडेच यायचे, आणि 'कच्चं काम' असा शेरा मारून तिनेच ते परत धाडले होते. नंतर तरुण मंडळींनी वारा ओळखला. मॅडमना जे हवं ते ज्याला दिसलं, तो तरला.

"शांत झोपा," तो मायेने म्हणाला. त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही. संचालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "फ्लेक्स छापायला गेलाय. सत्कार होऊ दे, मग बघू."

सकाळी ती चित्राचा कागद घेऊन इस्पितळात धावली. ऑपरेशनच्या दारावर लाल दिवा जळत होता. बाकावर शिक्षकाची बायको बसली होती. हिला बघताच ती उठली.

"अगंबाई, तुम्हीच ना त्या? डॉक्टरांच्या केबिनमध्ये फोटो आहे तुमचा! सही करायला मी घाबरत होते हो. ते म्हणाले, वहिनी, जगभरचे शास्त्रज्ञ या बाईंचा हवाला देतात. मग डोळे मिटून केली."

"ताई, त्यांना थांबवा. आत कुणाला तरी निरोप—"

"थांबवायचं? का?"

तेवढ्यात लाल दिवा विझला. सर्जन बाहेर आला, मास्क हनुवटीखाली, चेहरा फुललेला.

"अगदी वेळेवर आलात, मॅडम! तार बसवली, बरोब्बर तुमच्याच जागी. वहिनी, शुद्धीवर आले की पहिला चेहरा तुमचा."

वहिनींनी घाईघाईने केस सारखे केले. मग हात केसांवरच राहिला. त्या मॅडमच्या हातातल्या कागदाकडे, त्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होत्या.

"थांबवा का म्हणालात हो तुम्ही?"