रंगवलेल्या बोटीवरची जप्ती

"ए कोळणी, खाली उतर."

हे बेलीफ बोलला नाही. तो कोर्टाचा कागद धरून उभा होता. बोलला आमच्यावर दावा लावणाऱ्या शेठचा मॅनेजर. नाकाला रुमाल लावून. मोरा बंदरावर सगळा गाव बघत होता आणि मी आमच्याच बोटीत उकिडवी बसून मासळी निवडत होते.

हुकूम होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बोट जप्त. विकायची नाही, समुद्रात न्यायची नाही.

दावा काय? शेठची मौजेची स्पीडबोट पाहुणे बसवून, गाणी लावून भरधाव आली. आमच्या जाळ्यावरून गेली आणि आमच्या बोटीवर आदळली. त्याची बोट फुटली. भरपाईचा दावा मग त्यानंच लावला, आमच्यावर. सुनावणी सुरूही झाली नव्हती. चुकलं कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि आमची बोट बंद.

"मासली तरी उतरवू द्या," माझा नवरा म्हणाला.

"आधी कुलूप. तुम्हा लोकांचा भरवसा नाही."

नवऱ्यानं हात जोडले. वादळात सुकाणू न सोडणारा माणूस. त्या रुमालवाल्यापुढे हात जोडून उभा. मला नवऱ्याचा राग आला. मग माझाच आला. मीसुद्धा खाली उतरले होते. मुकाट्यानं.

नवरा तळोज्याला कारखान्यात गोणी उचलायला जाऊ लागला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी दुसऱ्यांची मासळी विकू लागले. बाजारात बाया विचारायच्या, "काय केलात गं तुमी?" जप्ती आली म्हणजे गुन्हा केलाच. झोप उडाली. घरात बसवेना, बंदरावर जाववेना.

पनवेलच्या कोर्टात तारीख होती. व्हरांड्यात मॅनेजर जवळ आला. "चूक तुमची होती, एवढं लिहून द्या. शेठची माफी मागा. बोट लगेच सोडवतो."

नवऱ्यानं पेन घेतलं. मी ते हिसकावलं.

"नाय लिवनार."

"अगं, हंगाम चाललाय..."

"जाऊ दे हंगाम. धडक त्यांनी दिली."

आत त्यांचा वकील म्हणाला, बोट नुकतीच रंगवली आहे, म्हणजे विकायला काढली आहे. ही माणसं बोट विकून पसार होतील.

पसार. आम्ही.

आमच्या वकीलबाई उठायच्या आत मी उठले. "साहेब, बोट आमी दर साल रंगवतो. नारली पुनवेच्या आधी. विकायला नाय, पूजेला. आनि पसार होऊन जानार कुठं? घर हितं, देव हितं, आमची मेलेली मानसं हितंच जालली."

मागं कुणीतरी हसलं. "बाई, खाली बसा," कोर्टाचा शिपाई म्हणाला.

मी बसले नाही. "माजं बोलनं लिवून घ्या."

साहेबांनी मान वर केली. लिहून घ्यायला सांगितलं. हुकूम मात्र उठवला नाही. पुढची तारीख दिली.

बोट अजून धक्क्यालाच आहे. फळ्यांना फटी पडायला लागल्यात. नवरा आता प्रत्येक तारखेला माझ्याबरोबर येतो. वकीलबाई सांगतात, दावा वर्षानुवर्षं रेंगाळेल. रेंगाळू दे. धडक कुणी दिली ते मी त्याच कोर्टात, उभी राहून सांगणार आहे.

माफी मागणार नाही. बोट तिथंच कुजली तरी नाही.