पाठीमागचा हात

अर्धांगवायू झालेल्या माणसाचे नातेवाईक पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, चालणार कधी? बसणार कधी, असं कुणी विचारत नाही. जळगावात मी फिजिओथेरपीचं काम करते आणि माझा बहुतेक वेळ माणसांना बसवण्यात जातो. पलंगाच्या काठावर, तळपाय जमिनीला पुरते टेकवून, दोन्ही कुल्ल्यांवर सारखा भार देऊन, कशालाही न धरता. कमरेवरचं धड सावरलं नाही तर पाय कितीही धडधाकट असले तरी माणूस तोल जाऊन पडतोच. हे मी शिकले धुळ्याच्या कॉलेजात, पण मला ते कळलं आमच्या घरात, आबांच्या पाठीमागे बसून.

आबा म्हणजे माझे वडील. नरडाण्याजवळ आमचं गाव. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली घेतलेला नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी पाठीच्या स्नायूंचं चित्र फळ्यावर काढलं, तेव्हा बाकीच्या मुली पाठांतर करत होत्या. मला ते पाठ करावं लागलं नाही. आबा अंघोळीला बसले की ती सगळी पाठ मी लहानपणापासून पाहत आले होते.

मला जळगावला नोकरी लागली आणि तीन महिन्यांत आबांची डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा बसवलं की ते ओल्या पोत्यासारखे डावीकडे कलंडायचे. मी बाज बाहेर काढली, कारण तिचा सुंभ सैल पडला होता आणि झोळीत कुणाला तोल शिकवता येत नाही. शेजारून लाकडी दिवाण मागून आणला. दर रविवारी सकाळच्या गाडीने नरडाण्याला उतरायचं, संध्याकाळी परत. दिवसभर आमचं एकच चालायचं. आधी उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची. मग काठावर बसायचं. मग मी त्यांची तंबाखूची डबी डाव्या बाजूला, हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे ठेवायची, आणि उजव्या हाताने अंगावरून ती घ्यायला सांगायची.

"आवशिद म्हनून तंबाखू!" माय चुलीपासून म्हणायची. "हाई कोन्तं कॉलेज शे?"

"तू गप बस," आबा म्हणायचे. "माले पहिल्यांदाच कामनी डाक्टरीण भेटनी."

त्यांना डबी मिळायची, पण मी मागून धरलेलं असे तेव्हाच. माझा डावा तळहात त्यांच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली. हळूहळू मी भार कमी करत होते. दीड महिन्यात तळहाताची बोटं झाली, चाराची दोन झाली.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला अख्खं गाव येतं. बिस्किटचा पुडा घेऊन येतात, आणि आलेल्याला काहीतरी दाखवावं लागतं. आता जेवतो, आता बोलतो, आता हात वर करतो, हे सगळं रोग्याने पाहुण्यासमोर करून दाखवायचं. नाही दाखवलं तर घरच्यांनी हात टेकले, असं लोक समजतात. त्या रविवारी आबांचे मोठे भाऊ, नाना, दोन माणसं घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "काय बाई, चाली का नही तुना बाप?"

"नाना, आधी बसणं."

"इतलं शिकनी, आनि बापले नुसतं बसाडस!" सोबतची माणसं हसली. "हाई तं आम्हीबी करतूत. मालिश करनारा बोलावा असता तं आतापावत चालता काय, पयता."

मला ते लागलं. खरं सांगायचं तर आबांसाठी नाही, माझ्या शिक्षणासाठी लागलं. मी म्हटलं, "बघा मग." आबा काठावर बसलेले होते, माझी दोन बोटं त्यांच्या पाठीला होती. मी ती काढली आणि दोन्ही हात वर करून पाहुण्यांना दाखवले. "धरलंय का कुणी? आबा एकटे बसलेत!"

मी बोलेपर्यंत ते बसलेले होते. माझं बोलणं ऐकलं आणि ते गेले. डावीकडे, हात न टेकता, सरळ लोखंडी पेटीच्या कडेवर. भुवईवर खोक पडली, हाड मोडलं नाही. त्यांना उचलून बसवलं तेव्हा ते रक्ताकडे पाहत नव्हते. माझ्या हातांकडे पाहत होते. नाना "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" म्हणत निघून गेले.

त्यानंतर आबा बसायला घाबरू लागले. बसवलं की मान वळवता येईल तेवढी वळवून विचारायचे, "हात शे ना, बाई?"

"शे, आबा."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुरा तळहात, मग बोटं, मग दोन बोटं. या वेळी मी घाई केली नाही. अडीच-तीन महिन्यांनी एका रविवारी मी बोटं सदऱ्यापासून केसभर लांब नेली. ते बसून राहिले. डबी घेतली, मांडीवर ठेवून उघडली, चिमूट तोंडात टाकली.

"हात शे ना?"

माझा हात माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, "शे."

पुढच्या रविवारी चहा उकळेपर्यंत बसले. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्याशी भाऊबंदांच्या लग्नाच्या गप्पा मारत बसले. पाठ ताठ, खांदे सारखे, कुणाचा आधार नाही. मध्येच विचारायचे आणि मी हो म्हणायचे. मायने चुलीकडून सगळं पाहिलं होतं, ती भाकरी थापत राहिली. कॉलेजात शिकवलं होतं की आधार कमी करत जायचा, आणि कमी केला हे रोग्याला कळलं पाहिजे, नाहीतर तोल त्याच्या अंगाचा होत नाही. मला हे माहीत होतं. पुढच्या रविवारी सांगू, असं मी दर रविवारी ठरवायचे. सांगितलं आणि पुन्हा पडले तर? मग त्याच्या पुढच्या.

चूक माझ्या लक्षात आली ती मायच्या फोनने.

"तुना बाप बसत नही. तू गयी का सारा आठवडा नुसता आडवा पडेल ऱ्हास. म्हनस, बाई उनी म्हंजे बससू. तिना हात पाहिजे."

सोमवार ते शनिवार ते आडवे असायचे. रविवारी माझा नसलेला हात पाठीला लावून तासभर बसायचे आणि सोमवारी पुन्हा आडवे. छातीत कफ धरला होता. फोनवर त्यांचा श्वास मला जळगावात ऐकू येत होता. मी मायला फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितलं.

"आबा, ऐका. हात नव्हता."

"काय?"

"माझा हात नव्हता पाठीला. महिना झाला. तुम्ही एकटेच बसत होता. आत्ता उठा, मायला दिवाणाजवळ उभं राहू द्या, आणि बसा."

 ते हसले. हसता हसता खोकले.

"माले येडा समजस का? तुना हात माले कळस. गरम लागस." थांबून म्हणाले, "त्या दिवशी काढा व्हता तू, तवय पडनू ना मी."

मी शपथ घेतली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. रविवारले ये."

तो बुधवार होता. मी त्याच दिवशी निघायला हवं होतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. गुरुवारी त्यांना धुळ्याला नेलं, मी जळगावहून थेट तिकडे गेले. शनिवारी पहाटे आबा गेले. डॉक्टरांनी न्युमोनिया सांगितला. ते बसते राहिले असते तर वाचले असते असं मी म्हणत नाही, माझ्या विद्येत तेवढं म्हणता येत नाही. पण पडून राहिलेल्या माणसाच्या छातीचं काय होतं, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

तेरावं झाल्यावर मायने एकदाच विचारलं, "हात नव्हताच ना?"

"नव्हता."

ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. "तुनं पाहीसन मीबी म्हनू, व्हता हात. तो तुन्ह्यामांगे माले इचारे, रविवारले बाईना हात व्हता ना." म्हणजे आठवडाभर तेच तिलाही विचारलं जात होतं, आणि मी फसवते आहे हे दिसत असून तिने माझीच री ओढली होती. आम्ही दोघींनी मिळून त्यांना त्या दिवाणावर आडवं ठेवलं. 

आता मी रोग्याच्या मागे बसत नाही. धडाचे व्यायाम सुरू झाले की मागे दुसऱ्या कुणाला उभं करते, आणि आधार काढायचा दिवस आला की मागच्याला बाजूला करून मी समोर स्टुलावर बसते, दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर, त्यांना दिसतील असे. आधी सांगते, आता आधार काढणार. रोग्यासोबतचे म्हणतात, मॅडम, कशाला सांगता, न सांगता छान बसतात. बरोबर आहे. सांगितलं की लोक डळमळतात. रावेरकडच्या केळीच्या मळ्यात काम करणाऱ्या एक बाई गेल्या महिन्यात चार वेळा कलंडल्या, चारही वेळा मी पुढून धरलं, आणि त्यांनी मला चारही वेळा शिव्या दिल्या. "बसेल व्हतू ना मी चांगली! तुम्ही तोंड उघाडं आनि मी पडनू."

"परत," मी म्हटलं.

पाचव्यांदा त्या बसल्या. ओठ दाबून, पोट आत घेऊन, नजर माझ्या हातांवर. डळमळल्या, सावरल्या. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "मॅडम, मांगे कोन शे?"

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि दर वेळी खात्री करून घेते तसं त्यांच्या मागे बघितलं.