गोलकीपरचा अंगठा

निवड चाचणीच्या दिवशी ती घाबरली, असं मी सांगितलं. ती घाबरली नव्हती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला होता आणि ते मला आधीपासून माहीत होतं. वर्षभर हे मी कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा.

मी निपाणीतल्या एका शाळेत पीटीचा मास्तर. संध्याकाळी गावातल्या मुलींना हॉकी शिकवतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी अशा गावांच्या स्पर्धेत गेल्या हंगामात आम्ही पहिल्यांदा सेमीफायनल गाठली, ती या गोलकीपर पोरीमुळं. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती. वडील नाहीत, आई विड्या वळते. पोरीला बेळगावच्या स्पोर्ट्स हॉस्टेलला जायचं होतं. तिथं निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण सगळ्याची सोय. "सर, तिकडं गेले की मांडीवरचं सूप सुटलं बघा," म्हणायची. तंबाखू-पानाचं सूप मांडीवर घेऊन कॉलेजनंतर तीही आईबरोबर बसायची.

सेमीफायनल खानापूरला होती. तांबडं मुरमाड मैदान, खड्याला लागून चेंडू कुठंही उसळायचा. कीपरचे ग्लोव्हज मुलांच्या टीमचे, मोठे. अंगठ्यात चिंध्या कोंबून आम्ही ते बसते करायचो. एक चेंडू सरळ त्या अंगठ्यावर बसला. ती कळवळली, पण बाहेर आली नाही. कारण नियम माझाच होता: दुखलं म्हणून जी बाहेर आली, तिची जागा गेली.

आम्ही जिंकलो. फायनलची वेळ सांगायला तिच्या घरी गेलो, तेव्हा ती आईशेजारी विड्या वळत होती. विडीचं तोंड दुमडून दाबायला अंगठाच लागतो, हे निपाणीत लहान पोरालाही ठाऊक असतं. ती बोटाच्या पेरानं दाबत होती. अंगठा काडीसारखा ताठ.

आई म्हणाली, "सर, बघा की जरा. दवाखान्यात न्हेऊ का हिला?"

"मुरगळलाय नुसता, आक्का. फायनल झाली की बघू."

दवाखान्यात प्लास्टर घातलं असतं आणि माझ्याकडं दुसरी कीपर नव्हती.

फायनल तिनं डाव्या हातानं आणि पायांच्या पॅडवर काढली. बसस्टँडपासून गावानं गुलाल उधळत आम्हाला आणलं. माझ्या गळ्यात हार होता.

दवाखाना राहूनच गेला आणि पुढच्याच आठवड्यात बेळगावला चाचणी. तिच्या हातातून स्टिक निसटली. उचलली, परत निसटली. निवडणारा माझा जुना खेळगडी, खडेबाजारातला. त्यानं मला बाजूला घेतलं. "काय रं, हिनंच फायनल काढली व्हय?"

अंगठ्याचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग खेळवली कुणी?

मी म्हणालो, "घाबरलीय. एवढं मोठं मैदान कधी बघितलं न्हाय तिनं."

ती हाकेच्या अंतरावर पॅड सोडत होती. तिनं ऐकलं. मान वर केली नाही. परतीच्या बसमध्ये पोरी तिला चिडवत होत्या, "अगं, चेंडूला भ्यालीस व्हय?" मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

काही दिवसांनी तिची आई शाळेत आली. "सर, पोरीनं तुमची मान खाली घातली. पदरात घ्या तिला." मी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणालो, "असू दे, आक्का." त्या "असू दे"नं मला वर्षभर धड झोपू दिलं नाही.

पोरगी मैदानावर यायची बंद झाली. या हंगामाच्या तोंडावर बाजारात दिसली. "येत का न्हाईस?" विचारलं.

"मी भित्री हाय सर. भित्र्या कीपरचा काय उपेग?"

तिथंच, भाजीच्या गाड्याजवळ, मी तिला सांगून टाकलं. तू भ्याली नव्हतीस. अंगठा मोडला होता, मला कळलं होतं, तरी खेळवलं.

ती अंगठ्याकडं बघत राहिली. वाकडा जुळला होता. "व्हय? मला वाटलं, मुरगळलाय नुसता, भीतीनंच हात चालंना." मग म्हणाली, "तवाच का न्हाय बोललासा?" जाताना एवढंच म्हणाली, "आईला मी न्हाय सांगणार. ते तुमचं तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी बेळगावची बस धरली. जुन्या खेळगड्यानं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर हायेस का कोण रं तू?" म्हणाला. शेवटी म्हणाला, "आण तिला. वयात बसायचं हे शेवटचं वर्ष."

आता ती रोज पहाटे येते. ग्लोव्हज तिच्या मापाचे आहेत. अंगठा पुरता वाकत नाही, म्हणून स्टिकची पकड आम्ही नव्यानं बसवतोय. चुकली की पुन्हा, जमेपर्यंत. दुखलं तर ती थांबते, बाहेर बसते, आणि जागा तिचीच राहते. माझा जुना नियम मी सगळ्या पोरींसमोर मोडीत काढला. चाचणी हंगाम संपल्यावर आहे. घेतील का, माहीत नाही. तयारीत कसूर राहू देणार नाही.

तिची आई गल्लीत सांगते, सरांनी मोठ्या मनानं पोरीला परत घेतलं. मला वाटेत बघून पदर सावरून नमस्कार करते. चाचणीचा निकाल लागायच्या आधी मी तिच्या दारात जाणार आहे. निकाल चांगला लागल्यावर सांगणं सोपं होईल, म्हणूनच आधी. अजून गेलेलो नाही. तिच्या आईला खरं सांगणं माझ्याकडं बाकी आहे.