पाहुण्यांसमोर विचारलेला जाब

कुसुमबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या विरुद्ध पक्षात होतो, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल केलेले बरे. मी एका खाजगी कर्ज कंपनीचा वसुलीवाला होतो. घरी सोयरिकीचे पाहुणे बसले असतानाच नेमके जायचे, ही आमच्या साहेबांची शिकवण. अब्रूपायी माणूस उसनवारी करूनही हप्ता भरतो.

ब्रह्मपुरीत सायकल दुरुस्त करणाऱ्या दिवाकरभाऊंचे हप्ते थकले होते. त्यांच्या मुलीला, वैशालीला पाहायला गडचिरोलीहून मंडळी आली आणि मी दारातच आवाज चढवला. दिवाकरभाऊंची मान खाली गेली. वैशाली पोह्यांची बशी घेऊन जागीच उभी राहिली. सोयरीक मोडल्यातच जमा होती.

शेजारच्या निवृत्त शिक्षिका कुसुमबाई सरबराईला आल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पोहेही दिले.

"बस बाबू. आता ओळखपत्र दाखव. कंपनीची चिठ्ठी कुठी आहे?"

माझ्याजवळ दोन्ही नव्हते. मी उसन्या जोरात म्हणालो, "पण बाई, पैसे घेतले ना यांनी?"

"घेतले, अन् देतीनबी. पन चारचौघांत त्यायले बेइज्जत कराचा हक तुले कोनं देला? हे वसुलीच्या नियमात नाई बसत. आज काऊन आला, ते लिहून दे."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. तेवढ्यात मुलाचे वडील उठले. मला वाटले, निघाले! पण ते दिवाकरभाऊंच्या शेजारी जाऊन बसले. "हप्ते आमचेबी थकतेत भाऊ. पोरगी आमाले पसंत आहे."

बाईंच्या तक्रारीवर कंपनीने लेखी माफी मागितली, हप्तेही लांबवून दिले. तक्रारीत माझे नाव नव्हते. कारण विचारले तर म्हणाल्या, "तुले तं त्यायनं पाठवलं होतं." त्याच महिन्यात मी नोकरी सोडली आणि बाईंच्या ओसरीवर कर्जदारांचे अर्ज लिहायला बसू लागलो.

आज जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या जिवतीपासून कर्जात अडकलेली माणसे त्या ओसरीवर येतात. बाई आधी त्यांनाच झापतात, "घेतलेलं बुडवाचं नाई!" मग कंपनीची पाळी. एकदा एका कंपनीचे साहेब स्वतः बाईंची समजूत काढायला आले आणि अर्ध्या तासात नियम ऐकून, हात जोडून गेले. तो दिवस आम्ही जिलेबी वाटून साजरा केला.

वैशालीच्या लग्नात पंगतीला वाढायला बाईंनी मलाच उभे केले. दिवाकरभाऊंनी माझ्या हातातले भांडे काढून घेतले आणि मला आपल्या शेजारी जेवायला बसवले. मी रडलो, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

बाई आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि आमच्या या भागात घरी पाहुणे आलेले असताना कुण्याही बापाला दाराकडे धास्तीने पाहावे न लागो.