प्रफुलभाऊंचं एकमेव प्रत्यर्पण

प्राणहितेकाठच्या आमच्या तालुका कोर्टात प्रफुलभाऊ वकिलांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. त्यांची पाटी मात्र माझ्या पाटीपेक्षा हातभर लांब: 'फौजदारी व प्रत्यर्पण तज्ज्ञ'. परदेशात पळालेला आरोपी सरकार परत मागतं, त्याला प्रत्यर्पण म्हणतात. भाऊंनी त्याचा पोस्टाने कोर्स केला होता. आमच्याकडचे आरोपी पळून पळून मामाच्या गावाला जातात. तरी भाऊ लंडनचे निवाडे वाचत बसायचे आणि अशील बाहेर ताटकळायचे.

मग कोलू गायब झाला. मोहाचं झाड कोणाचं, या भांडणात त्याने लटारूचा हात काठीने मोडला होता. जामीन भाऊंनीच मिळवलेला. तारखेला कोलू आला नाही, वॉरंट निघालं. पुढच्या तारखेलाही आला नाही तर थेट जेल. त्याची बायको मंगली रडतच आली.

"थो तेलंगणात मिरची तोडाले गेला जी."

नदीपलीकडे! भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी रीतसर प्रत्यर्पणाचा अर्ज टाकला. जजसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तेलंगण अजून भारतातच आहे," म्हणाले आणि अर्ज परत केला.

शेवटी भाऊ स्वतःच फटफटीवर पूल ओलांडून गेले. आरोपीला धरायला बचावाचाच वकील निघाला, म्हणून आम्ही बाररूममध्ये पोट धरून हसलो. कोलू रानात निवांत मिरची तोडत होता.

"वकीलभाऊ, ते तं मिटलं. म्या बकरा कापून गाव जेवू घातलं. लटारूनं माह्या हातचा घास खाल्ला. आता जो हे पुन्हा काढन, त्याले बकऱ्याचा दंड."

"मंग तू बोलू नको. नुसता उभा राय. बोलाचं काम माह्यं."

तारखेला कोलू उभा राहिला. साक्षीला लटारू.

"हात कोणी मोडला?" जजसाहेबांनी विचारलं.

लटारू गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. सरकारी वकील चिडले, साहेब चिडले. तेव्हा भाऊंनी मोहाच्या झाडापासून बकऱ्यापर्यंत सगळी हकीकत सांगितली आणि तडजोडीची परवानगी मागितली.

"हे खरं आहे का?" साहेबांनी लटारूला विचारलं.

लटारूने पिशवीतून शिदोरी काढली, मोडून जुळलेल्या हाताने भाताचा घास केला आणि भर कोर्टात कोलूच्या तोंडात घातला. शिपाई ओरडला. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि परवानगी दिली. मला त्या दिवशी प्रफुलभाऊंचा फार अभिमान वाटला. तोंडावर मी तसं कधी म्हणणार नाही.

भाऊंनी पेढे वाटले. आठवडाभरात गावच्या पंचांचं बोलावणं आलं. मिटलेलं प्रकरण भाऊंनी चारचौघांत, तेही जजसमोर काढलं होतं. भाऊंनी लंडनचे दाखले दिले. पंचांनी ते शांतपणे ऐकले आणि बकरा कोणत्या दिवशी आणता, ते विचारलं. भाऊंनी बकरा दिला. कोलू आणि लटारूच्या मध्ये बसून स्वतः जेवलेही. त्या पंगतीत जो जेवला, त्याने हे प्रकरण पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

आता नवा अशील पाटी वाचून विचारतो, "वकीलसाहेब, एखादा पळालेला परत आणला काय कधी?" भाऊ लालबुंद होतात, पाणी पितात, पण चकार शब्द काढत नाहीत.

मी सांगू शकतो. पोट दुखतंय म्हणून मी त्या जेवणाला गेलो नव्हतो.