गंद्याच्या बाई

बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या नाकाला पदर लावलेल्या. मी भाड्याने घर बघायला गेलो होतो. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, पदराचं टोक नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "शी! गंदगी नुसती! ते तिकडे नळापाशी काढा." मी साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेला. मराठी घरमालकीण मिळतेय याच आनंदात होतो. मुकाट्याने बूट काढले आणि सुदामा नगरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर पुढे कितीतरी वर्षं राहिलो.

बाई मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच होत्या. दुधाची पिशवी धुतल्याशिवाय फ्रिजमध्ये जायची नाही. पाहुणे फाटकाबाहेर पडले की ओलं फडकं घेऊन बाई कडी पुसायच्या, पाहुणे अजून गल्लीत असले तरी. मी वर अंडं उकडलं की खालून पदराआडची हाक यायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याकडे चहा प्यायचा म्हणजे रिकामा कप कुठे ठेवावा, या विचारानेच घाम फुटतो.

अशा बाई एक दिवस रिक्षातून कुत्रा घेऊन आल्या.

लालबागेतला मेळा नुकताच उठला होता. खाण्याच्या स्टॉलमागे उष्ट्या द्रोणांच्या ढिगात तो पडलेला होता. काळाकुट्ट, अंगावर औषधालाही पांढरा केस नाही, बरगड्या वर आलेल्या आणि डोळ्यांत दूध साचल्यासारखं. रिक्षावाला कुत्र्याला घेईना, तेव्हा बाईंनी अंगावरची शाल सीटवर पसरली. काखेत कुत्रा, नाकावर पदर आणि तोंडाने "शी, शी" अशा थाटात त्या फाटकातून आत आल्या.

"डॉक्टर म्हणाला, याला शुगर आहे," त्या मला म्हणाल्या. "आँखें पण त्यानेच गेली. रोज दोन टाइम, खाणं झालं की इंजेक्शन. मरेपर्यंत. आता काय करणार? परत तिथेच तर नाही ना टाकता येत."

नाव ठेवलं गंद्या.

गंद्या भसाभसा पाणी प्यायचा आणि सापडेल त्या कोपऱ्यात मुतायचा. त्या गोड मुताला मुंग्या लागायच्या. त्याच्या तोंडाला कुजका वास यायचा आणि त्याची लाळ बाईंच्या इस्त्रीच्या साडीला लागायची. मला तर पायऱ्या उतरतानाच मळमळायचं, खोटं कशाला बोलू? बाईंना माझ्या दसपट किळस यायची. त्याच्यासाठी उकडलेलं अंडं त्या तोंड पलीकडे वळवून सोलायच्या. इन्सुलिनची बाटली मात्र फ्रिजमध्ये देवाच्या दुधाशेजारी उभी असायची. संध्याकाळची सुई चुकेल म्हणून त्यांनी लग्नाच्या पंगती सोडल्या आणि भजनंही सोडली. आंधळा गंद्या ठेचकाळू नये म्हणून खुर्च्या-टेबलं जागची हलवली नाहीत. पूर्वी दर रविवारी सगळं घर बाहेर काढून धुणारी बाई ही!

एकदा मी म्हटलं, "बाई, एवढी किळस येते तर कुणीतरी माणूस ठेवू या ना."

"मला घिन येते, ती माझी परेशानी," बाई पोछा पिळत म्हणाल्या. "त्याची काय गलती?"

आता मला ज्यांची खरी किळस येते, त्यांच्याकडे वळतो.

आमच्या समोर एक टाइल्सचे व्यापारी राहायचे. स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर येतो तो जणू यांच्यामुळेच, अशा ऐटीत सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन उभे. गंद्या आल्यापासून ते आमच्या फाटकाशी फिनाइल ओतायला लागले. "बाईजी, इतनी साफ कॉलनी में ये बदबू! छुड़वा दो इसको कहीं." गल्लीच्या ग्रुपवर रोज गंद्याचा उद्धार चालायचा.

मग व्यापाऱ्यांच्या मुलाचं लग्न जमेना. त्यांना पंडिताने सांगितलं, शनिवारी काळ्या कुत्र्याला मिठाई घाला, एकही पांढरा केस नसलेल्या. पुढच्या शनिवारी हाच माणूस आमच्या फाटकाशी हात जोडून, इमरतीचा डबा घेऊन हजर! "भैरवबाबा की सवारी है ये तो."

"अहो, साखर जहर आहे त्याला!" बाई ओरडल्या. त्यांनी फाटकावर पाटी लावली, मराठीत आणि हिंदीत : काळा कुत्रा मधुमेही आहे, गोड देऊ नये. ती वाचून गल्लीबाहेरच्यांनाही कळलं, की इथे काळा कुत्रा आहे. तेही जिलब्या घेऊन यायला लागले. शनिवारी बाई दारं-खिडक्या लावून गंद्याला घेऊन आत बसायच्या.

एका शनिवारी मात्र त्यांना सांवेरला जावं लागलं. चुलतभावाचं तेरावं होतं. सकाळची सुई देऊन, गंद्याला मागच्या अंगणात बांधून, फाटक लावून गेल्या. संध्याकाळच्या सुईआधी परत येणार होत्या. दुपारी मी कामावरून आलो तर फाटक सताड उघडं. अंगणात तुपकट रिकामे डबे पडलेले, फरशीवर केशरी ओकारी, तिच्यावर माश्या, आणि त्यात गंद्या. मान उचलत नव्हता.

मी फोन केला. बाई बसची वाट न बघता भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, धुळीने माखून. सरळ त्या ओकारीत मांडी घालून बसल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदर नाकाकडे गेला नाही. "गंद्या, अरे मी आहे ना," एवढंच म्हणत राहिल्या. मी इतकी वर्षं बघत होतो, पण तोंडातून "शी" न निघालेली ही एकच वेळ.

दवाखान्यात सलाईन लावलं. गंद्या परत आला नाही.

"चलो, मुक्ति मिल गई," व्यापारी मला रस्त्यात गाठून म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पर भिया, खाई तो पूरी थी ना उसने?" मला भडभडून आलं. दुःखाने नव्हे, ओकारीने.

पुढे त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. ते पेढे घेऊन आले. बाई दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं : मुलगी कुठली, हॉल कुठला, भैरवबाबांची कृपा कशी. मग पदराचं टोक हळूच नाकाशी नेलं. "शी! गंदगी नुसती!"

व्यापारी वाकून आपल्या चपलांचे तळ बघायला लागले.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. व्यापारी भेटायला आले, आपल्याच घरासारखं फाटक उघडून. गंद्याची पाटी अजून तिथेच होती. "बहुत सफाईवाली थीं," म्हणाले. मी हो म्हटलं. ते बाहेर पडले तसा मी नळापाशी गेलो, फडकं ओलं केलं आणि त्यांच्यादेखत कडी पुसली.